नांगऱ्याच्या बायकोचं लेणं

आमच्या घरात डेपोतला खिळासुद्धा कधी आला नाही. आजा देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीला होता, पुढं वडीलही तिथंच लागले. माल लाकडी खोक्यांतून यायचा. खोकं फुटलं की फळ्या, वाकलेले खिळे, सुतळीचे तुकडे पडून राहायचे. माझ्या धाकट्या भावाला भोवऱ्यासाठी दोन हात सुतळी हवी होती. तो वडिलांना म्हणाला, "तिथं तर नुसती पडलेली असते, आणा की."

वडील जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "पडलेली असती. कुणी दिलेली नसती."

एवढंच बोलले आणि पुन्हा जेवू लागले. रात्री आईनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून, पीळ देऊन त्याला दोरी करून दिली.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. रविवारी विहारात सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून पंचशील म्हणायचे. त्यातला 'अदिन्नादाना' हा शब्द म्हणायला छान वाटायचा, पण त्याचा अर्थ त्या रात्री दोरी वळताना कळला. न दिलेलं घ्यायचं नाही. 'चोरी करू नको' असं म्हटलं की माणूस पकडले जाण्याचा विचार करतो. 'न दिलेलं घेऊ नको' म्हटलं की देणारा कोण, त्यानं मनापासून दिलं का, त्याला नाही म्हणायची मुभा होती का, हे सगळं विचारावं लागतं. पुढं पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मी इतिहास शिकवला. पण आमच्या या पट्ट्याचा इतिहास त्या एका शब्दाच्या उजेडात वाचायला मी निवृत्त झाल्यावरच लागले.

आमची बेगडेवाडी म्हणजे लोकलनं पुण्याहून लोणावळ्याकडं जाताना देहूरोडनंतरचं लहानसं स्टेशन. पुढं घोरावाडी, मग तळेगाव. लोहमार्ग आणि जुना मुंबई रस्ता इथं हातात हात घालून चालतात. मागं देहूरोडला आमचा बुद्धविहार, पुढं घोरावडेश्वराची टेकडी, आणि इंद्रायणीच्या काठी तुकोबांचं देहू. या तीन ठिकाणांच्या मधोमध माझं आयुष्य गेलं.

आजा मावळातल्याच एका गावचा. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथं आमचे भाऊबंद अजून राहतात. त्याच्या लहानपणी घरात महारकी होती. म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. गावात सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावून आणायचं, शिवेचा तंटा झाला की शीव दाखवायची, मेलेलं जनावर ओढून न्यायचं, मयताची खबर घेऊन परगावी जायचं. रात्र असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून एका औताच्या वळणाएवढा उरलेला. सुगीत खळ्यावरचं बलुतं. आणि येसकर पाळी ज्याच्या घराकडं आली असेल, त्यानं तिन्हीसांजेला काठी घेऊन दारोदार भाकरी मागायची. मागताना म्हणायचं, जोहार.

१८७४ चा मुंबई इलाख्याचा वतन कायदा कागदावर पाटलालाही वतनदार म्हणे आणि महारालाही. पण महाराच्या कामाला तास नव्हते आणि मोबदल्याला हिशेब नव्हता. घरातला कर्ता माणूस हजर नसेल तर त्याच्या जागी बापानं, मुलानं राबायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याला दुरुस्ती मांडली. ती पार पडली नाही. १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यातल्या हरेगावला त्यांनी वतनदार महारांची परिषद घेतली. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली, माझ्या जन्माच्या सुमारास.

एकदा वर्गात हे सांगत असताना एका मुलानं विचारलं, "बाई, लोक भाकरी देत होते ना? मग दिलेलं घेतलं, त्यात वाईट काय?"

प्रश्न इतका सरळ होता की मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं. दिवसभराच्या कामाचा मोबदला संध्याकाळी भीक म्हणून पदरात टाकला की देणारा दाता होतो आणि राबणारा मिंधा. आणि ते राबणं? ते तर कुणी दिलेलंच नव्हतं. 'नाही' म्हणायची सोय नसताना घेतलेलं काम हेही न दिलेलंच. विहारात आम्ही जो शब्द म्हणतो, तो गावाला कधी कुणी म्हणायला लावला नाही. गावगाडा चालला तो शेकडो वर्षं न दिलेल्या श्रमावर. हे मी राग म्हणून लिहीत नाही, हिशेब म्हणून लिहिते.

या हिशेबातून बाहेर पडायची वाट आमच्या लोकांना रुळांनी दाखवली. खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ साली सुरू झाली, आणि पाच वर्षांनी बोरघाट ओलांडून ती मुंबईशी जोडली गेली. मावळातला माणूस आगगाडीत बसून मुंबईच्या गिरण्यांत, खडकीच्या कारखान्यांत जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराचे डेपो उभे राहिले आणि मजुरांची भरती निघाली. आजा गावातली काठी चावडीच्या भिंतीला टेकवून चालत देहूरोडला आला, अशी आमच्या घरातली कथा. काठी खरोखर टेकवली की आजीनं सांगताना टेकवली, कोण जाणे. पण हजेरीच्या वहीत त्याचं नाव लागलं, ठरल्या तासाला भोंगा वाजू लागला आणि महिन्याच्या महिन्याला मोजून रोख पैसे हातात पडू लागले. आजी म्हणायची, "पयला पगार आणला तवा आजा तो मोजून मोजून दमला." पैसे फार नव्हते. ते मागून आणलेले नव्हते, म्हणून तो मोजत बसला होता.

आणि याच लोकांनी पहिली मोठी गोष्ट कोणती केली, तर देहूरोडला देऊळ बांधायला वर्गणी काढली.

आजी सांगायची, देऊळ आधी चोखोबाचं व्हायचं होतं. हे मला फार स्वाभाविक वाटतं. शेजारी तुकोबांचं देहू, वारीचा वारा अंगावरून जाणारा, आणि आपला म्हणावा असा संत चोखामेळा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना ते कूस अंगावर कोसळून चोखोबा गेले. साल १३३८. ज्या गावानं त्यांना कुसाबाहेर ठेवलं, त्याच गावाचं कूस बांधताना गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. आमच्या लोकांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता आलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. तेव्हा डेपोतल्या मजुरांना वाटलं असेल, आपल्या चोखोबाला आपण आत बसवू. स्वतःचं देऊळ बांधू, त्याला बाहेरची पायरी ठेवायचीच नाही.

पण त्या देवळात बसले ते बुद्ध. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं रंगूनहून आणलेली मूर्ती तिथं बसवली. त्या महिन्यातच ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. २५ डिसेंबर ही तारीख आमच्या लोकांना आधीपासून ओळखीची. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली होती. एका तारखेला जाळलं आणि सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला मांडलं. नागपूरची दीक्षा यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला झाली. माझ्या शाळेच्या पुस्तकात नागपूर होतं, महाड होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावरचं देहूरोड नव्हतं. याची रुखरुख मला अजून आहे.

त्या दिवशी आजी फडक्यात भाकरी बांधून सकाळीच जाऊन बसली होती. बाबासाहेब थकलेले होते, पायांनी साथ सोडली होती. आजीला ते लांबून दिसले, आणि भाषणातलं तिला थोडंच कळलं. जे कळलं ते तिनं आयुष्यभर सांगितलं. बाबासाहेबांनी त्या दिवशी पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच असं म्हटलं आणि यावर आपण प्रबंध लिहिणार असल्याचं सांगितलं. तो प्रबंध राहून गेला. बुद्धाची शिकवण साध्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगणारं पुस्तक आपण लिहीत आहोत, हेही त्यांनी सांगितलं. ते पुस्तक 'द बुद्धा अँड हिज धम्म' या नावानं १९५७ साली निघालं. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

विठोबाबद्दल विद्वानांनी काय ते ठरवावं. मला त्या विधानातली माया दिसते. समोर बसलेल्या बायकांच्या गळ्यात तुळशीमाळा होत्या, ओठांवर अभंग होते. त्यांना 'तुमचं सगळं खोटं' असं म्हणून चालणार नव्हतं. तुमचं होतं तेच तुम्हाला परत देतो आहे, असं त्या वाक्यातून आजीला ऐकू आलं. तिनं माळ काढली ती दोन वर्षांनी, आणि काढून फेकली नाही. ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवली.

घरात बदल झाला तो हळूहळू. आजा प्यायचा. महिन्याचा पगार झाला की त्याची वाट बघत आजी दारात उभी असायची. पाचवं शील त्याला जड गेलं. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली, तिसऱ्यांदा सुटली ती सुटलीच. वडिलांना दुसरं शील जवळचं, ते वर सांगितलंच. आई म्हणायची, "मला चौथं अवघड. खोटं बोलल्याशिवाय चार पोरांचं घर चालतं का?" तरी दुकानदाराची उधारी ती वहीत स्वतःच्या हातानं मांडायची, आणि दुकानदार विसरला तर त्याला आठवण करून द्यायची. शाळेत न गेलेली बाई, आकडे तेवढे विहारातल्या रात्रीच्या वर्गात शिकलेली.

आता टेकडीबद्दल. ही गोष्ट मला शिक्षिका झाल्यावर कळली, आणि कळल्यावर मी कितीतरी दिवस कुणी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

घोरावडेश्वराच्या टेकडीवर महाशिवरात्रीला जत्रा भरते. पायऱ्या चढून लोक महादेवाला जातात. तुकोबा भंडाऱ्यावर आणि भामगिरीवर बसायचे, तसेच या टेकडीवरही येऊन बसत अशी श्रद्धा आहे. पण ज्या खोल्यांत आज पिंड आहे, विठोबा आहे, त्या मुळात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेल्या आहेत. पुस्तकांत यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. कार्ले, भाजे, बेडसे यांच्याच काळाच्या आसपासची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कार्ल्याचा थाट इथं नाही. तिथं वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, अत्तर विकणारा आहे, सुतार आहे, यवन आहेत. इथं, आमच्या टेकडीवर, एक शिलालेख आहे तो शेतकऱ्याच्या बायकोचा.

धेनुकाकट गावी राहणारा उसभणक. तो 'हलकिय', म्हणजे नांगर धरणारा, 'कुटुंबिक'. त्याची बायको सिअगुतनिका. तिनं आपल्या नंद नावाच्या मुलासह हे लेणं दान दिलं, असा ब्राह्मी लिपीतला प्राकृत मजकूर. कुटुंबिक या शब्दातूनच पुढं 'कुणबी' आला असं अभ्यासक मानतात. आणि लेखातला दगडात खोदलेल्या खोलीसाठीचा शब्द 'लेण'. आपण अजून तोच वापरतो, दोन हजार वर्षांत त्याला फक्त एक अनुस्वार चिकटला आहे.

मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं लक्ष नावाकडं गेलं. राजाचं नाव नाही. नवऱ्याचं नाव आहे ते ओळख पटावी म्हणून, देणारी ती आहे. नांगऱ्याच्या घरात असे कितीसे पैसे असणार? किती सुग्या मागं टाकत राहिली असेल, किती वेळा लेकरांना म्हणाली असेल, यंदा नको, पुढच्या साली बघू. दानाला लेखात शब्द आहे 'देयधम'. देणं हाच धर्म. माझ्या मनात तो शब्द लगेच 'अदिन्नादाना'च्या शेजारी जाऊन बसला. एकात न दिलेलं घ्यायचं नाही, दुसऱ्यात आपलं म्हणून काही द्यायचं. मधे दोन हजार वर्षं आणि पायी तासाभराचा रस्ता.

डेपोतल्या मजुरांना हा लेख ठाऊक नव्हता. वर्गणी काढताना टेकडीवर आपल्यासारखंच कुणी आधी देऊन गेलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी तेच केलं. माझ्या आज्याचा हात पिढ्यान् पिढ्या घेण्यासाठी पुढं केलेला हात होता, आणि त्या हातानं पहिल्यांदा दिलं. माझ्या मते २५ डिसेंबरच्या त्या दिवसाचं मोठेपण मूर्तीइतकंच याही गोष्टीत आहे.

थेंबाथेंबानं मोठं काही उभं करण्याची आमच्या भागाला सवयच आहे, असं कधी कधी वाटतं. तळेगावचा काच कारखाना पैसा फंडातून १९०८ साली निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली आणि टिळकांनी तिला बळ दिलं. आणि देण्यासारखंच सोडून देणंही इथं घडलं आहे. देहूला तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्यांच्या घराण्यात सावकारी होती. कुणबी कुळं दुष्काळात उद्ध्वस्त झालेली. वसूल करता आलं असतं, कायद्यानं हक्क होता. अभंगांइतकीच मला ही कृती मोठी वाटते, कारण सावकाराच्या पोरानं खतं बुडवली तेव्हा त्यानं 'न दिलेलं' या शब्दाचा अर्थ आमच्या वडिलांपेक्षाही पुढं नेला. दुष्काळात उपाशी माणसानं अंगठा उठवून दिलेलं वचन, ते तरी त्यानं खरंच दिलेलं असतं का?

रुळांनी पुढं मलाही वाट दाखवली. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि मी तिच्यातून पुण्याला डी.एड.ला जाऊ लागले. पहिली नेमणूक दूरच्या तालुक्यात मिळाली. खोली बघायला गेले. घरमालकानं चहा दिला, खोली दाखवली, भाडं सांगितलं. मग आडनाव विचारलं. आडनावावरून नीट कळेना म्हणून गाव विचारलं, गावावरून कळेना तेव्हा विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. मग त्यांना आठवलं की खोलीला पाण्याची अडचण आहे. सभ्य माणूस होता, शेवटपर्यंत 'अहो बाई' म्हणत होता. मी चहाचा कप ज्या स्टुलावर ठेवला होता, त्याकडं त्याची बायको बघत होती. तो कप नंतर कुठं गेला असेल, हा विचार मी एसटीत बसल्यावर खूप वेळ केला.

पण कपाचं म्हणाल तर मला आमच्या घरातलाच एक कप सांगितला पाहिजे.

आम्ही राहायचो त्या चाळीचे संडास साफ करायला एक बाई यायची. आमच्याहून खाली मानलेल्या जातीची. आजी तिला रोज चहा द्यायची, नेमानं. कधी चुकली नाही. पण कान तुटलेल्या एका कपात, आणि तो कप बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घातलेला असायचा. विहारात पहिल्या रांगेत बसणारी माझी आजी. एका रविवारी विहारातून आल्यावर वडिलांनी तो कप हातात घेतला आणि विचारलं, "ह्यो भाईर का?"

"ती घाणीचं काम करती," आजी म्हणाली.

"तू गावात कशाचं करत व्हतीस?"

आजी काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत नाही. मेलेलं जनावर ओढायला आज्याबरोबर ती गेलेली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी तोंडावर आणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातल्या कपबश्यांपैकी एक कप भरून त्या बाईपुढं ठेवला. बाईनं कपाकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि चहा न घेता झाडू उचलून गेली. घाबरली असावी. तिसऱ्या दिवशी आजी स्वतःचा कप घेऊन पायरीवर तिच्या शेजारी बसली आणि आधी आपण प्यायली. मग तीही प्यायली. पिऊन झाल्यावर तिनं तो कप नळाखाली विसळला आणि सवयीनं बाहेरच्या कट्ट्यावर उपडा घातला.

आजी उठली, कप उचलला, पदरानं पुसला आणि आत नेऊन मांडणीवर बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवला.